चाक फिरतं, मी नाही

मी अ‍ॅक्सल बोलतोय. चाकाच्या मधोमध जो दांडा असतो, ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून बघितलं नाही, तोच मी. रस्त्यावरून नवी कोरी सायकल गेली की लोक म्हणतात, "काय चाकं आहेत!" अ‍ॅक्सल काय देखणा आहे, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. असो. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मी एका रोबोटच्या पोटात नांदून आलोय, आणि तोही घरातला केर काढणारा गरीब बिचारा रोबोट नव्हे. स्पर्धेच्या रिंगणात उतरून दुसऱ्या रोबोटांना धक्के मारणारा!

आधीच सांगून ठेवतो, मला जरा ताठा आहे. पोलादाच्या दांड्याला तो असायचाच. सरळ उभं राहायचं आणि कुणापुढे वाकायचं नाही, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं.

लहानपण म्हणजे मी एका लांबच लांब सळईचा भाग होतो तेव्हाचं. ती सळई मिस्त्रींच्या कारखान्यात कोपऱ्यात उभी असायची. कारखाना म्हणायचा आपला. घराच्या खालच्या मजल्यावर एकच खोली, तिच्यात लोखंड फिरवून तासायचं एक लेथ, एक ड्रिल मशीन, भिंतीवर पाने आणि हातोड्या, आणि जमिनीवर सदानकदा लोखंडाचा चुरा. मिस्त्रींच्या बायकोचं दिवसातलं पहिलं वाक्य "पाय झटकून वर या" हे असायचं आणि शेवटचंही तेच.

मिस्त्री हाताचे फार साफ. गल्लीत त्यांचा दरारा असा की त्यांनी केलेली वस्तू कुणी मोजून घेत नसे. गिऱ्हाइकानं चुकून पट्टी काढलीच, तर मिस्त्री एकही शब्द न बोलता त्याच्याकडे नुसतं बघायचे. तो बिचारा पट्टी खिशात घालून पाठ खाजवायला लागायचा. घरातही तोच कायदा. बाबाचं काम मोजायचं नसतं, हे त्यांच्या मुलीला बाराखडीच्या आधी कळलं होतं.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. जे जे फिरतं त्याला हात लावल्याशिवाय ही पोर राहायची नाही. पंखा, नळ, घड्याळाची किल्ली, काही म्हणून सुटलं नाही. मोठी झाली तशी शाळेच्या रोबोट-संघात जाऊन बसली आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता निदान घरातली घड्याळं तरी वाचतील!

एका सुट्टीच्या दुपारी तो सगळा संघ आमच्या कारखान्यात येऊन थडकला. संघाला एक कॅप्टन होता. तो चहाचा कपसुद्धा हुकूम सोडल्यासारखा उचलायचा. यंदाच्या रोबोटला अ‍ॅक्सल कसले बसवायचे, यावरून त्याची आणि भिंगरीची जुंपली होती.

"अ‍ॅक्सल फिरणाराच हवा," कॅप्टन म्हणाला. "चाक दांड्यावर घट्ट बसवायचं. दांडा फिरला की चाक फिरलं. गेल्या वर्षी तसंच होतं."

"गेल्या वर्षी तो दांडा वाकला, तेही सांग की," भिंगरी म्हणाली. "बदलायला अख्खी बाजू खोलावी लागली. आपण खोलत बसलो आणि तिकडे सामना उरकला."

"मग तुझं काय म्हणणं?"

"दांडा फिरवायचाच नाही. चाकाच्या दोन्हीकडच्या लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये बोल्टनं आवळून टाकायचा. बेअरिंग चाकात घालायचं. साखळी चाकाला ओढेल, चाक दांड्याभोवती फिरेल आणि दांडा गप्प बसून राहील. वर दोन्ही पट्ट्यांना धरूनही ठेवेल. चाक बदलायचं झालं तर दोन बोल्ट काढले की झालं."

कोपऱ्यात उभ्या उभ्या मी हे ऐकलं. अहो, अ‍ॅक्सलच्या जन्माला यायचं, चाकाच्या पोटात बसायचं, आणि फिरायचं नाही? म्हणजे वरातीत जाऊन गाडीतून उतरायचंच नाही, त्यातली गत! मी मनातल्या मनात कॅप्टनच्या बाजूनं मत टाकलं. पण माझं मत विचारतंय कोण?

भिंगरीचं अजून संपलं नव्हतं. "आणि चाकं सहा," ती म्हणाली. "तीन तीन दोन्ही बाजूंना. त्यातली मधली दोन जरा खाली. दोन नाण्यांच्या जाडीएवढी."

"ती कशाला?"

भिंगरीनं टेबलावरचा एक लांबट पत्र्याचा डबा घेतला आणि जागच्या जागी वळवायला लागली. डबा खर्र खर्र करत अडला. मग तिनं त्याच्या मधोमध खाली एक खोडरबर सरकवला आणि डब्याला बोटानं टिचकी मारली. डबा गर्रकन फिरला. पोरं "अरे वा!" म्हणाली. कॅप्टननं नाक मुरडलं, पण मान हलवली. "ठीक आहे. पण वळला नाही तर जबाबदारी तुझी."

हे सगळं घडलं तेव्हा मिस्त्री नेमके चहा सांगायला वर गेले होते. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ त्या चहात आहे, एवढं ध्यानात ठेवा.

भिंगरीनं ड्रॉइंग काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एवढं मोठं काहीतरी स्वतःच्या डोक्यानं आखलं होतं. ड्रॉइंग तिनं बाबाच्या हातात दिलं, वर मान करून बघितलंही नाही, आणि धूम ठोकली.

मग माझा जन्म झाला. मिस्त्रींनी सळई कापली, लेथवर चढवली, आणि आम्ही सहा भावंडं एकापाठोपाठ एक चकचकीत होऊन बाहेर पडलो. दोन्ही टोकांना बरोबर मधोमध भोक पाडून त्यात आटे कापले, बोल्टसाठी. म्हणजे मला दोन बेंब्या आहेत, एक या टोकाला आणि एक त्या. हसू नका. त्या इतक्या मधोमध होत्या की मिस्त्रींनी मला दोन बोटांत धरून फिरवलं आणि स्वतःवरच खूश होऊन शीळ घातली.

नंतर त्यांनी बाजूच्या लांब पट्ट्या घेतल्या. अ‍ॅक्सल जिथं बसायचे तिथं भोकं पाडायची होती. चष्मा कपाळावरून खाली ओढून ते ड्रॉइंग बघायला लागले आणि एकदम थांबले. मधलं भोक ओळीत नव्हतं. किंचित खाली होतं. त्यांनी कागद उजेडात धरला, तिरपा केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला अजून आठवतं. इतकं मायेचं हसू मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

"दमली असेल पोर," ते स्वतःशीच पुटपुटले. "हात घसरला. कशाला सांगून हिरमुसवायची?"

मला सगळं ठाऊक होतं. तो डबा, तो खोडरबर, सगळं मी ऐकलं होतं. मी दोन्ही बेंब्यांच्या देठांपासून ओरडलो, "मिस्त्री, ते मुद्दाम आहे! हात लावू नका!" पण पोलादाचा आवाज माणसाला फक्त आपटल्यावर ऐकू येतो, आणि त्या घडीला मला कुणी आपटलं नाही. मिस्त्रींनी तिन्ही भोकं एका ओळीत पाडली, पट्ट्या फडक्यानं पुसल्या आणि लेकीचं काम सुधारून दिल्याच्या समाधानात जेवायला गेले.

भिंगरी आली, पट्ट्या घेतल्या, आम्हाला घेतलं. तिनं काही मोजलं का? छे! बाबाचं काम मोजायचं नसतं.

शाळेच्या तळमजल्यावर संघाची खोली होती. जुनी बाकं भिंतीला सरकवून मध्ये जाडजूड चटई अंथरलेली, स्पर्धेत असते तशी. तिथं आमची जोडणी झाली. मला डाव्या बाजूच्या मधल्या चाकात जागा मिळाली आणि माझ्या एका भावाला उजव्या. बाकीचे चौघं कोपऱ्यांत गेले. साखळी मात्र भलतीच तोंडाळ निघाली. दिवसभर कर कर कर. तिच्या शेजारी राहायचं म्हणजे कानाला कायमचा ताप.

रोबोट आधी विटांवर उचलून ठेवला आणि चाकं हवेत फिरवून बघितली. काय सुरेख फिरली! माझ्या अंगाभोवती चाक असं गुळगुळीत घुमत होतं की न फिरण्याचं माझं दुःख मी जवळजवळ विसरलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विटा काढल्या.

रोबोट चालवायचं काम होतं गोगलगाय नावाच्या पोराकडे. डबा खायला तो फार वेळ लावायचा म्हणून हे नाव, चालवायला मात्र वाऱ्यासारखा. त्यानं रोबोट सरळ पळवला. झकास! मग वळवायला गेला. सहाच्या सहा रबरी चाकांनी चटई दातओठ खाऊन धरली होती. रोबोट वळेना. नुसता थडथड थडथड उड्या मारायला लागला. मोटारींतून जळका वास आला. त्याचं वळण बघून खोलीतली पोरं पोट धरून हसली, आणि कॅप्टन तेवढा हसला नाही.

"मधली चाकं खाली आहेत ना?" त्यानं विचारलं.

"आहेत की," भिंगरी म्हणाली. "बाबानं केलंय."

हे उत्तर त्या खोलीत कुणालाही पुरेसं होतं. चटई एवढी मऊ की दोन नाण्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळायचा नाही. त्यामुळे चूक भिंगरीच्या डोक्यात आहे, असं सगळ्यांनी धरलं. सगळ्यांत आधी भिंगरीनं धरलं.

मग सुरू झाला छळ. तिनं वजन मागे सरकवलं, पुढे आणलं. चाकांचं रबर बदललं. मोटारींचा वेग कमी केला. आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली. दरवेळी आकडे सांगायचे वळणार, आणि रोबोट सांगायचा नाही वळणार. माझे बोल्ट काढून मला दहादा पुसलं, उलटंसुलटं केलं. मी तिच्या तळहातावर पडून असायचो आणि वाटायचं, अगं बाई, एकदा, फक्त एकदा त्या पट्टीवर फूटपट्टी ठेव! पण तेवढं सोडून तिनं सगळं केलं.

सामान बदलायला म्हणून एकदा तिनं रोबोट घरी, कारखान्यात आणला. मिस्त्री बाहेर गेले होते. आई जेवायला बोलवायला खाली आली, तर ही रोबोटशेजारी फतकल मारून बसलेली.

"आई, मी पुढे यंत्रांचं नाही शिकणार."

"का गं? आता काय झालं?"

"मला वाटत होतं मला येतं. नाही येत. माझं डोकंच सरळ चालत नाही बहुतेक."

आई तिच्याजवळ त्या चुऱ्यातच बसली. पाय झटकायची गोष्टसुद्धा विसरली. "बाबाला विचारून बघ की," ती म्हणाली.

"नको. त्यानं एवढं छान करून दिलंय. त्याला कुठल्या तोंडानं सांगू की मी त्याची माती केली?"

मला रडता येत नाही. गंज येतो, पण त्यालाही वेळ लागतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा ताठा मला निरुपयोगी वाटला. इतका सरळ मी, इतका नेमका, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक हुशार पोर स्वतःला ढ म्हणवून घेत होती.

स्पर्धा दोन दिवसांवर आली तेव्हा कॅप्टननं निकाल दिला. "उद्या संध्याकाळपर्यंत वळला तर ठीक. नाहीतर गेल्या वर्षीची चार चाकांची फ्रेम काढतो. फिरत्या अ‍ॅक्सलवाली." भिंगरी "बरं" म्हणाली. तिनं भांडणसुद्धा केलं नाही, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आपणहून शाळेत आले. आपल्या हातचा माल रिंगणात कसा दिसतो ते बघायला. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात नवा रुमाल. गोगलगायनं रोबोट सरळ नेला, मिस्त्रींची छाती फुगली. गोगलगायनं वळवला, आणि रोबोट बेडकासारखा उड्या मारत भिंतीला जाऊन भिडला.

"हे असं का करतंय?" मिस्त्री म्हणाले.

"काका, सहा चाकांचं गणितच चुकलंय," कॅप्टन म्हणाला. "आम्ही हे बदलतोय."

भिंगरी खाली बघत होती. कान लाल झाले होते. लेकीचा तो चेहरा बघितला आणि मिस्त्रींचं डोकं फिरलं. ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"गणित? माझ्या पोरीचं गणित? अरे, तिचं गणित तिसरीपासून कधी चुकलं नाही! सगळं ड्रॉइंग एक नंबर होतं. एक भोक तेवढं जरा घसरलं होतं, आणि ते मी तेव्हाच ओळीत घेतलं. आता त्यात काही खोट नाही. दुसरीकडे शोध!"

भिंगरीनं झटकन मान वर केली.

"बाबा," भिंगरी हळूच म्हणाली, "कुठलं भोक?"

"मधलं. खाली आलं होतं ते."

भिंगरी धावत गेली, फूटपट्टी आणली आणि चटईवर पालथी पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बाबाच्या कामाला पट्टी लावली. तिन्ही बोल्ट एका सरळ रेषेत. पडल्या पडल्याच तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय की रडतेय, ते मला तिच्या इतक्या जवळ असूनही कळेना. बहुधा दोन्ही.

"बाबा, ते मुद्दाम खाली होतं रे!"

तिनं एका मुलाचा डबा हिसकावून घेतला आणि खोडरबर घालून दाखवला. डबा गर्रकन फिरला. मिस्त्री बघत राहिले. मग एका पालथ्या बादलीवर बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"मग विचारलं का नाहीस मला?" भिंगरी म्हणाली.

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटू नये म्हणून तू अख्खा रोबोट आडवा केलास?"

"आणि तू? एवढे दिवस डोकं धरून बसलीस, एकदा पट्टी लावून बघायची नाही?"

भिंगरीनं फूटपट्टी त्यांच्यापुढे धरली. "तुझं काम कोण मोजतं?" ती म्हणाली. आणि मग बापलेक एकमेकांकडे बघून असे हसत सुटले की पोरांना वाटलं, चला, दोघंही गेले कामातून.

कॅप्टन मात्र घड्याळाकडे बघत होता. "हसणं झालं असेल तर ऐका. नवी भोकं पाडता येणार नाहीत. जुनी एवढी जवळ आहेत की दोन्ही मिळून एक भलंमोठं भगदाड होईल. नव्या पट्ट्या करायच्या तर सगळा रोबोट खोलावा लागेल. उद्या सकाळी स्पर्धा आहे."

त्याचं बरोबर होतं. सगळ्यांचे चेहरे पडले. भिंगरी रोबोटजवळ वाकली. मग तिची नजर हळूहळू माझ्यावर येऊन थांबली. तशी नजर माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती. मला उगाचच लाजल्यासारखं झालं.

"हा फिरत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"अ‍ॅक्सल. हा फिरत नाही ना! फिरत असता तर मधोमधच धरावा लागला असता, नाहीतर चाक लडबडलं असतं. पण हा नुसता बसलेला असतो. मग ह्याला मधोमध का धरायचं? बोल्टचं भोक जरा वर पाडू, म्हणजे दांडा तेवढाच खाली येईल. आणि त्याच्यासोबत चाक."

पट्ट्या खोलायच्या नाहीत, खोलायचं फक्त मला आणि माझ्या भावाला. कॅप्टननं दोनदा मनात करून बघितलं आणि पहिल्यांदाच हुकूम न सोडता म्हणाला, "चालेल हे."

मिस्त्री मात्र दचकले. "मुद्दाम वाकडं भोक? मी?"

"हो. तू."

"अगं, हात वळायचा नाही माझा."

मी तर मुळापासून हादरलो. माझ्या त्या दोन सुरेख बेंब्या, ज्यांच्यावर खुद्द मिस्त्रींनी शीळ घातली होती, त्या बुजवणार? आणि नव्या पाडणार, त्याही एका बाजूला? उद्या भावंडांत तोंड कसं दाखवायचं? पण मग मला तिचं ते चुऱ्यात बसून बोललेलं वाक्य आठवलं आणि मी म्हटलं, पाडा. कुठं हवं तिथं पाडा.

लगेच कारखाना गाठला. जुन्या भोकांत बोल्ट कापून बसवले, वरून वेल्डिंग मारलं, घासून साफ केलं. चटके बसले, ते सांगत बसत नाही. मग मिस्त्रींनी मला पकडीत धरलं, ड्रिल माझ्यावर आणलं आणि थांबले.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडं वर."

"आता?"

"आता बरोबर."

भोक पाडून झाल्यावर त्यांनी जे केलं ते कारखान्याच्या भिंतींनीही कधी बघितलं नव्हतं. खिशातून मोजायचं व्हर्नियर काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. "मोज," ते म्हणाले. तिनं मोजलं. ते लहान मुलासारखे निकालाची वाट बघत उभे राहिले. "बरोबर आहे," ती म्हणाली, तेव्हा त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"बोल्ट मी असा आवळतो की हत्ती आला तरी हलायचा नाही," मिस्त्री म्हणाले.

"नको बाबा. रोबोटचं वजन पडलं की चाक दांड्याला खालून वर ढकलणार. बोल्ट जरा जरी सैल झाला तरी दांडा गिरकी घेऊन वर जाईल. बोल्टशेजारी पट्टीतून दांड्यात एक पिन मार."

"अगं, कशाला? मी सांगतो ना..." आणि ते मध्येच थांबले. "पिन. बरं, पिन."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगणात उतरलो. गोगलगायनं रोबोट पुढे नेला आणि वळवला. आणि काय सांगू! असा वळला, असा वळला, की जणू चटईला लोणी लावलंय. कॅप्टन टुणकन उडाला. मिस्त्री शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटले, "मधली चाकं खाली आहेत. मुद्दाम! मुद्दाम बरं का!" तो माणूस घाबरून दुसरीकडे जाऊन बसला.

तिसऱ्या सामन्यात समोर एक अवजड धूड आलं. आम्ही सगळे त्याला रेडा म्हणत होतो. त्यानं डावीकडून अशी जोरदार धडक दिली की माझा एक बोल्ट खरोखरच सैल झाला. अख्ख्या रोबोटचा भार मला गिरकी घ्यायला लावत होता. आयुष्यभर ज्या फिरण्याची मी स्वप्नं बघितली, ती संधी समोर उभी होती, आणि मी मनात म्हणत होतो, नको रे बाबा, आत्ता नको! शेजारच्या त्या चिमुरड्या पिननं मला धरून ठेवलं. ती तसूभर वाकली, पण सुटली नाही. आम्ही रेड्याला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेलो आणि रिंगणाबाहेर ढकलून दिला.

चषक आम्हाला मिळाला नाही, हे कबूल करतो. उपान्त्य सामन्यात साखळी तुटली. एवढी बडबड करणाऱ्याचं शेवटी असंच व्हायचं. पण परतताना भिंगरी आईला फोनवर काय सांगत होती, ते मी पेटीतून ऐकलं. "अगं, हरलो. पण ऐक तर, मी काय विचार करत होते, पुढच्या वेळी ना..." आणि मग घर येईपर्यंत ती थांबली नाही.

भिंगरी आता यंत्रांचंच शिकायला दूरच्या शहरात गेली आहे. रोबोट केव्हाच खोलला गेला. चाकं, मोटारी दुसऱ्यांच्या कामी आल्या. माझ्यासारखा बाजूला भोक असलेला अ‍ॅक्सल कुणाला चालणार? मिस्त्रींनी मला मागून घेतलं. लेथशेजारच्या टेबलावर ड्रॉइंगचे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून ते मला त्यांच्यावर ठेवतात. घरंगळू नये म्हणून एका टोकाला बोल्ट तसाच ठेवलाय. पंखा, कागद आणि मी, असं आमचं बरं चाललंय.

तुम्हाला एकच विनंती आहे. आपल्या माणसाच्या कामात मायेपोटी काही सुधारायला जाल, तेव्हा हात घालण्याआधी तोंड उघडा. आणि ज्यांच्यावर तुमचा फार विश्वास आहे, त्यांच्याही कामाला कधीमधी पट्टी लावा. ते रागावतील. पण नंतर व्हर्नियर स्वतःच्या हातानं देतील.

परवाचीच गोष्ट. भिंगरीनं तिकडून एक ड्रॉइंग पाठवलं. मिस्त्रींनी ते कागदावर उतरवून घेतलं, माझ्याखाली ठेवलं, चष्मा नाकावर ओढला आणि एका जागी बोट ठेवून थबकले. मग फोन लावला.

"अगं, यात उजवीकडचं भोक जरा वर गेलंय. मुद्दाम ना?"

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज. मग तिचं ते ओळखीचं हसणं.

"नाही रे बाबा. चुकलंय ते. खरंच चुकलंय. थांब, नीट करून पाठवते."

"सावकाश पाठव," मिस्त्री म्हणाले.

एवढीशी चूक. त्यांना चुटकीसरशी नीट करता आली असती. पण त्यांनी मशीन बंद केलं, पंख्याखाली स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून नव्या ड्रॉइंगची वाट बघायला लागले. मध्ये आई चहा ठेवून गेली, "आज काम नाही का?" म्हणाली. "आहे की," ते म्हणाले, "चालू आहे."

बऱ्याच वेळानं फोन वाजला. त्यांनी मला उचललं, जुना कागद काढला, नवा ठेवला आणि त्याच्यावर मला पुन्हा ठेवून दिलं. बरं आहे तर मग, येतो. मला काम आहे.